हिरवे ठिपके कमी का झाले?

पोयाच्या माश्यांना, म्हणजे एका जातीच्या छोट्या मधमाश्यांना, डंख मारता येत नाही. झाडांचा चीक आणि राळ गोळा करून त्या घरट्याच्या फटी लिंपतात, आत घुसणाऱ्या मुंगीला त्यातच चिकटवून टाकतात. कोकणातल्या एका मधपाळ काकांनी पेटीतून खरवडून दिलेलं असं काळपट, चिवट प्रोपोलिस आम्ही अल्कोहोलमध्ये विरघळवलं होतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचा दाह त्यानं कमी होतो का, एवढंच पाहायचं होतं.

या अस्तराच्या पेशी नाळेतून मिळतात. बाळंतपणानंतर आईच्या संमतीनं नाळ प्रयोगशाळेत येते, तिच्या शिरेत कोलॅजिनेज हे विकर (एन्झाइम) भरून पेशी सोडवायच्या. १९७३ पासून रुळलेली पद्धत. वाढल्या की सूक्ष्मदर्शकाखाली फरशी बसवल्यासारख्या दिसतात. त्यांना टीएनएफ-अल्फा हा दाह भडकवणारा रेणू दिला की एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि पेशींच्या पृष्ठभागावर आयकॅम, व्हीकॅम ही प्रथिनं वाढतात. मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी त्यांनाच धरून भिंतीला चिकटतात. धमनी आतून अरुंद होण्याच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ही एक.

त्या संध्याकाळी हिरव्या रंगानं चमकणारे मोनोसाइट सोडले, धुतले, छोट्या छोट्या खळग्यांची प्लेट पाहायला घेतली. नुसता टीएनएफ दिलेल्या खळग्यात हिरव्या ठिपक्यांची दाटी. टीएनएफबरोबर फक्त अल्कोहोल दिलेल्या खळग्यातही तशीच, म्हणजे द्रावकाचा हात नव्हता. प्रोपोलिसच्या सर्वांत जास्त मात्रेला मात्र जवळजवळ अंधार! सोबतची विद्यार्थिनी आनंदानं उठूनच उभी राहिली.

मी निळा दिवा लावायला सांगितला. त्यात केंद्रकं दिसतात. तिथं केंद्रकंच विरळ होती. अस्तर मरून धुऊन गेलं होतं. चिकटायला जागाच उरली नाही तर ठिपके दिसणार कुठून?

मग आम्ही खालच्या मात्रांकडे वळलो. एका खळग्यात निळी केंद्रकं शेजारच्या निरोगी खळग्याइतकीच दाट, आणि हिरवे ठिपके मोजके. दुसरीकडे सरकवून पाहिलं, तिथंही तेच. पेशी जिवंत होत्या आणि तरीही मोनोसाइटना धरत नव्हत्या. इतक्या वर्षांत असा खळगा पाहून मी क्वचितच इतकी हरखले असेन. एमटीटी चाचणीनंही पेशी जिवंत असल्याचंच सांगितलं.

काकांना फोन केला. ते खूश झाले आणि लगेच म्हणाले, "मग ताई, बीपीची गोळी बंद करून हेच घेऊ का? किती थेंब?"

"नाही काका, गोळी अजिबात सोडायची नाही. हे काचेतल्या पेशींवर दिसलंय, माणसावर नाही. जास्त मात्रेनं त्याच पेशी मेल्यासुद्धा."

ते थोडे हिरमुसले. पण मला त्यांच्याकडून आणखी हवं होतं, कारण माशी ज्या झाडाची राळ आणते त्यावर प्रोपोलिसचे घटक ठरतात. पेटीभोवती काय काय आहे, विचारलं. आंबा, फणस, काजू, ते मोजू लागले. आता प्रत्येक पेटीची राळ वेगळ्या डबीत, महिना लिहून ठेवायची, असं ठरलं आहे.