गाण्याखालची पट्टी

मराठीत 'पट्टी' हा शब्द गाण्याच्या बाबतीत दोन कामं करतो. पेटीवाला "पट्टी कुठली?" म्हणून विचारतो तेव्हा त्याला काळी दोन की पांढरी चार, म्हणजे पेटीच्या कुठल्या बटणावर 'सा' धरायचा, एवढंच हवं असतं. आणि टीव्हीवर गाणं लागलं की पडद्याच्या तळाशी नावांची जी ओळ उमटते, तीही पट्टीच. टीव्हीवरच्या गाण्याचं आजवर काय काय झालं ते पाहायचं, तर या दोन पट्ट्यांवर नजर आणि कान ठेवला तरी बरंच हाती लागतं.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. गुरुवारचं 'छायागीत' आणि पुढे 'चित्रहार' हे दोन्ही कार्यक्रम चित्रपटांच्या रिळांवर जगले. आता चित्रपटाचं रीळ सेकंदाला 24 चित्रांच्या वेगानं चित्रित होतं आणि आपली टीव्हीची पाल पद्धत 25 चित्रांची. ही सांगड घालायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रीळच 25 च्या वेगानं पळवायचं. एका चित्राचा फरक डोळ्याला कळत नाही. कानाला मात्र कळू शकतो, कारण चित्राबरोबर आवाजही चार टक्क्यांनी पळतो आणि पट्टी वर चढते. किती? अर्ध्या स्वराला जरा कमी, म्हणजे त्याच्या सत्तर टक्के. काळी एकमध्ये गायलेलं गाणं अशा वेळी काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये कुठेतरी, पांढरी दोनकडे झुकलेलं ऐकू येतं. पेटीवर तिथे स्वरच नाही. टीव्हीसमोर पेटी घेऊन बसणाऱ्याला कुठलीच पट्टी जुळत नाही आणि तो बिचारा आपल्या पेटीच्या सुरांना दोष देतो. चार मिनिटांचं गाणं सुमारे दहा सेकंद आधी संपतं, हा आणखी एक हिशेब. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात त्यामुळे जेमतेम मिनिटभर वाचतं, म्हणजे एखाद्या कडव्याची सोय.

त्या काळची अक्षरांची पट्टी सभ्य होती. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार एवढंच सांगायचं आणि बाजूला व्हायचं. ती बसायचीही जरा वरच. काचेच्या जुन्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीखाली दडायच्या, म्हणून अक्षरं मधल्या ऐंशी टक्क्यांत ठेवण्याचा दंडक होता. तो मोडला की 'गीतकार'मधला 'गी' चौकटीत गडप.

पट्टीचं खरं शास्त्र केलं ते एमटीव्हीनं. 1 ऑगस्ट 1981 ला अमेरिकेत ही वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्याकडे स्वतःचं असं फारसं काही नव्हतं. व्हिडिओ रेकॉर्ड कंपन्या द्यायच्या, तेही सुरुवातीला फुकट, कारण त्यांना रेकॉर्डची जाहिरात हवी होती. म्हणून डाव्या कोपऱ्यातल्या त्या पट्टीत चार ओळी: कलाकार, गाणं, अल्बम आणि कंपनी. दुकानात जाऊन काय मागायचं ते त्यात पुरतं होतं. ती गाण्याच्या सुरुवातीला यायची आणि शेवटी पुन्हा, म्हणजे मधूनच टीव्ही लावणाऱ्याचीही सोय. एवढी आटोपशीर जाहिरात नंतर कुठल्या वाहिनीला जमली नाही, असं आमचं ठाम मत आहे. दिग्दर्शकाचं नाव त्या पट्टीत आलं ते बऱ्याच उशिरा, 1990 च्या दशकात.

आपल्याकडे ही वाहिनी 1991 मध्ये स्टार टीव्हीच्या डिश अँटेनातून उतरली. 1994 मध्ये दोघांचं फाटलं, स्टारनं चॅनल व्ही काढलं आणि 1996 मध्ये एमटीव्ही स्वतंत्रपणे भारतात परतली. त्या भांडणाचा फायदा कुणाला झाला असेल तर तो चित्रपटाबाहेरच्या गाण्याला. दोन वाहिन्यांना चोवीस तास भरायचे होते आणि नुसत्या इंग्रजी गाण्यांवर भारतात निभणार नव्हतं. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' 1995 चं, दलेर मेहंदीचं 'तुनक तुनक तुन' 1998 चं. मराठीत अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचं 'ऐका दाजीबा' याच वाटेनं पुढे आलं.

या व्हिडिओंतली एक करामत सांगण्यासारखी आहे. केस संथपणे उडताहेत, पाऊस तरंगत पडतोय आणि ओठ मात्र गाण्याशी बरोब्बर जुळलेले. हे कसं? चित्रीकरणाच्या जागी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, कॅमेरा सेकंदाला 50 चित्रांवर चालवायचा आणि कलाकारानं त्या पळत्या गाण्यावर ओठ हलवायचे. 25 च्या वेगानं दाखवलं की गाणं मूळ लयीत, बाकी जग निम्म्या गतीत. ठाय लयीतल्या गाण्याला हे छान साधतं. द्रुत लयीत किंवा तानेच्या जागी ओठांची तारांबळ उडते. मग संकलक तिथे नेमका खिडकीबाहेरचा समुद्र दाखवतो.

मोबाइल आला आणि तळाची पट्टी वाढत गेली. आधी कॉलर ट्यूनचा सांकेतिक क्रमांक, मग प्रेक्षकांचे एसएमएस. नगरहून कुणीतरी पुण्यातल्या कुणालातरी 'मिस यू' म्हणतंय आणि त्याच्या वर नायिका विरहगीत गातेय, असा योग रोज यायचा. त्या एसएमएसला साध्यापेक्षा जास्त पैसे पडायचे आणि त्यात वाहिनीचा वाटा असायचा. गीतकाराच्या नावाला कुणी पैसे देत नव्हतं, त्यामुळे ते गेलं. मग जाहिरातीचा 'एल' आला. डावीकडे आणि खाली जाहिरात, गाणं आक्रसून कोपऱ्यात. लांबी-रुंदी ऐंशी टक्क्यांवर आणली तर वाटतं थोडंच कमी झालं, पण क्षेत्रफळ उरतं चौसष्ट टक्के. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पडदा गेला.

यामागे गणित आहे. नियमानुसार तासाला बारा मिनिटं जाहिराती, उरली अठ्ठेचाळीस. पूर्ण चार मिनिटांची गाणी लावली तर बाराच बसतात, आणि नावडतं गाणं लागलं की रिमोट हललाच. म्हणून दुसरं कडवं कापायचं. कापायचंही एक तंत्र आहे. समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, उचलून समेवरच जोडायचं, केरवा असेल तर आठ मात्रांचा हिशेब सांभाळायचा. घाईत चौथ्या-पाचव्या मात्रेवर जोड बसला तर ताल न कळणारासुद्धा दचकतो. सम साधूनही एक गोष्ट फसते: सतारीच्या शेवटच्या सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, मधेच तुटते. ती पुढच्या तुकड्याखाली सेकंदभर विरू द्यावी लागते, आणि तेवढी फुरसत क्वचितच कुणाला असते.

मग टीव्ही रुंद झाला. जुनी गाणी 4:3 च्या चौकटीतली, नवा पडदा 16:9. दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडणं हा सरळ मार्ग. पण रिकामा पडदा वाहिन्यांना बघवत नाही. ताणलं तर माणसं एक तृतीयांशानं रुंद होतात, सडपातळ नायक लग्नानंतरचा दिसू लागतो. मोठं करून वरखाली कापलं तर उंचीचा पाव भाग जातो. डोकं वाचवायचं म्हणून बहुतेक वेळा खालूनच जास्त कापतात, आणि लावणीत खाली काय असतं हे सांगायला नको. घुंगरू ऐकू येतात, पाय दिसत नाहीत. 2011 मध्ये 9एक्स झकास आणि 2020 मध्ये झी वाजवा अशा निव्वळ मराठी गाण्यांच्या वाहिन्या आल्या तोवर रुंद चौकटीतली नवी गाणी पुष्कळ होती, पण जुन्या लावण्यांना ही कात्री चुकत नाही.

मोबाइलच्या उभ्या पडद्यात तर हा छळ आडवा होतो. 16:9 मधून 9:16 ची उभी फीत काढली की रुंदीचा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग उरतो. आठ नर्तकींच्या रांगेतल्या दोन-तीनच राहतात.

एमटीव्हीनं ब्रिटनमधल्या आपल्या निव्वळ संगीताच्या वाहिन्या 31 डिसेंबर 2025 ला बंद केल्या. मूळ वाहिनी चालू राहिली, रिअ‍ॅलिटी शोंवर. गाण्याला आता वाहिनी लागत नाही, यूट्यूब आहे. आणि तिथे दुसरी पट्टी, सुराची, अजून भटकतेच आहे. जुन्या पाल डीव्हीडीवरून चढवलेली गाणी त्याच चार टक्के चढ्या वेगात वाजतात. काही लोक हक्कांच्या यांत्रिक तपासणीतून निसटायला मुद्दाम पट्टी हलवतात. गाणं संथ करून घुमवणारे 'स्लोड अँड रिव्हर्ब'वाले उलट खाली ओढतात.

रियाजासाठी असं गाणं उतरवून घेणाऱ्यांनी एवढं करावं: यूट्यूबचा वेग कमी करून उपयोग नाही, तो लय संथ करतो पण पट्टी जिथल्या तिथे धरून ठेवतो. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलण्याची सोय असते, तिथे 0.96 हा आकडा द्यावा. 25 भागिले 24 नं चढलेलं तेवढ्यानं उतरतं. मग पेटीवर काळी एक दाबून पाहावी.