महाल ते इतवारी पायी: राजवाड्याच्या आशेने जाणाऱ्यांसाठी

नागपूरच्या महाल भागात "भोसल्यांचा राजवाडा आतून दाखवतो" असे सांगून कोणी आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नयेत. आमच्याकडून ते घेतले गेले आणि त्याबदल्यात एका बंद दरवाज्यासमोर उभे राहून ऐकीव गोष्टी ऐकण्याचे भाग्य लाभले. वस्तुस्थिती अशी आहे की भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा जुना राजवाडा १८६४ मध्ये आगीत जळाला आणि त्यातून प्रामुख्याने नगारखान्याचे प्रवेशद्वार तेवढे वाचले. आज भोसले घराण्याचे जे वाडे उभे आहेत त्या खासगी वास्तू आहेत, आणि तिकीट काढून आत शिरण्याची सोय तेथे नाही. रेल्वे स्थानकावरच्या ऑटोवाल्याने जेमतेम दोन-तीन किलोमीटरसाठी २०० रुपये मागितले, हा त्याच सकाळचा दुसरा अनुभव. तेव्हा मेट्रोने कॉटन मार्केट स्थानकावर उतरून पायीच निघावे. पायात बूट, डोक्याला दुपट्टा आणि पाठीवर पाणी असले म्हणजे पुरे. उन्हाळ्यात मात्र नऊच्या आत फेरी संपली पाहिजे.

या भागाची रचना समजायची असेल तर सुरुवात गांधीसागर तलावापासूनच करावी. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या लहान लहान वस्त्या एकत्र करून हे शहर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी देवगडहून येथे आणली, भोवती तट बांधला आणि पश्चिमेच्या बाजूस जुम्मा तलाव करून घेतला, ज्याला पुढे शुक्रवारी तलाव आणि नंतर गांधीसागर म्हणू लागले. पश्चिमेला तलाव, दक्षिणेला पूर्वेकडे वाहणारी नाग नदी आणि या दोहोंच्या कोपऱ्यात तटबंद वस्ती, हा नकाशा तलावाच्या काठावर उभे राहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही. टिळक पुतळ्याकडून पुढे गेल्यावर गांधीगेट लागते. हाच चांद सुलतानाच्या तटाचा जुना जुम्मा दरवाजा. संपूर्ण फेरीत डोळे भरून पाहावी अशी वास्तू हीच, आणि तिच्या कमानीखालून रोज इतकी वाहने जातात की थांबून वर पाहण्यासाठी सकाळी सातच्या आतच यावे लागते. आत शिरल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा, महापालिकेचे टाऊन हॉल आणि बडकस चौक ओळीने येतात. किल्ला भागात गोंड राजघराण्याचे ठाणे होते. तेथे फार काही दिसत नाही, तरी वाट वाकडी करून जाऊन यावे, कारण १७४३ मध्ये रघुजी भोसल्यांनी नागपूर आपली राजधानी केली त्याआधीचे शहर कोठे होते, ते तेथे उमजते. संघाच्या मुख्यालयाकडील गल्ल्यांत बंदोबस्त कडक असतो, कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

आता केळीबाग रस्ता. बडकस चौकातून सेंट्रल अॅव्हेन्यूकडे निघणारा हा टप्पा नकाशावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात सगळी शक्ती आम्ही येथेच घालवली. रुंदीकरणासाठी दोन्ही बाजूंच्या घरांचे दर्शनी भाग कापले गेले आहेत. आम्ही गेलो तेव्हा कोनाड्यांसह उघडी पडलेली निळी भिंत, अर्ध्यावर तुटलेला जिना आणि ज्यांच्या मागे घरच उरलेले नाही असे सागवानी खांब, हे सारे रस्त्यावरूनच दिसत होते. पदपथ नावाची वस्तू नव्हती, गटाराची झाकणे जागोजागी बेपत्ता होती, आणि सिमेंटचा नवा रस्ता जुन्या उंबऱ्यांपेक्षा उंच झाल्यामुळे पावसाचे पाणी आता थेट दुकानांत उतरणार हे सांगायला अभियंता लागत नाही. वयस्क मंडळींना येथे नेऊ नये, आणि पावसाळ्यात कोणीच जाऊ नये. जुन्या शहराचे पुनरुज्जीवन म्हणून जे सांगितले जाते ते या टप्प्यावर तरी निव्वळ रस्तारुंदी आहे: वाहनांना जागा मिळेल, पण जे पाहायला माणसे येतात तेच कापले गेले आहे. (मी फार दमलो होतो, तरीही मत बदललेले नाही.) पूर्वेला अग्रसेन चौकातून अशोक चौकाकडे जाणारी वाटही टाळावी, इंदोरा ते दिघोरी उड्डाणपुलाच्या कामाने तिची तीच गत केली होती.

नाग नदी पाहण्याचा हट्ट असेल तर नाकाला रुमाल बांधून अशोक चौकाजवळच्या पुलावरून पाहावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचे पाणी ओसंडून याच नदीने सीताबर्डीपर्यंतचा परिसर बुडवला होता. तिच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर आहे, मात्र पुलावर उभे राहिल्यावर तूर्त मंजुरीचा वास येत नाही.

सेंट्रल अॅव्हेन्यू ओलांडून इतवारीत पाऊल टाकले आणि सगळा थकवा उतरला. सराफा, शहीद चौक, मस्कासाथ: गल्ल्या तितक्याच अरुंद, पण येथे प्रत्येक ओळीला आपला धंदा आहे आणि तो चालू आहे. १८५४ मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा केले, १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तलावाजवळच सुरू झाली आणि कारभार, साहेब व पैसा सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडे सरकला. गिरणी बंद पडून तिच्या जागी मॉल उभा राहिला तरी इतवारीचा घाऊक बाजार टिकला. म्हणून मला महालापेक्षा इतवारी अधिक जिवंत वाटली. सावजी, म्हणजे नागपूरचे मसालेदार जेवण, जेवायचे असल्यास ते हलबा कोष्टी वस्तीच्या बाजूला, गोळीबार चौकाकडेच जेवावे. झणझणीत लागते, पण भाव रास्त.

बाकीचा मुक्काम फुटाळा तलाव आणि दीक्षाभूमी येथे सुखात गेला, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

परतीसाठी अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौक ही मेट्रो स्थानके जवळ पडतात, त्यामुळे ऑटोशी हुज्जत घालण्याची वेळ येत नाही. आणखी एक सूचना: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाडे पाहायला येऊ नये. त्या दिवशी १८८१ पासूनची काळी आणि १८८५ पासूनची पिवळी मारबत (अनिष्ट प्रवृत्तींची प्रतीक असलेली मोठी प्रतिमा) याच गल्ल्यांतून निघते आणि बडग्यांच्या, म्हणजे सोबतच्या उपहासात्मक पुतळ्यांच्या, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. मारबतच पाहायची असेल तर सकाळी लवकर येऊन इतवारीतील नेहरू पुतळ्याजवळ एखाद्या दुकानाचा ओटा आधीच धरून ठेवावा.