दोन मिनिटांचं काम

"दाजी, पोराची दाढी तुमच्या हातानं दोन मिनिटांत होतीय की. त्याला पाऊण तास आरशासमोर कशाला झुंजवताय?"

मेहुण्यांनी परवा पुन्हा विचारलं. त्याआधी शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं, त्याआधी दातांच्या डॉक्टरांनी. दरवेळी मी "चालायचंच" म्हणतो आणि विषय बदलतो. आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एकदाच. परत विचारू नका.

दादाला तुम्ही लहानपणापासून बघताय. धाकटी बहीण दादा म्हणायला लागली तसे आम्ही आईबापही दादाच म्हणायला लागलो. मेंदूच्या इजेमुळं आखडलेला उजवा हात, उजवा पाय, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, हे काही नव्यानं सांगायला नको. तुम्हाला माहीत नसेल ती दाढी. ती माझ्यावर गेली नाही, आजोळावर गेली आहे, हे मेहुण्यांनी विचारताना लक्षात ठेवावं. निव्वळ काथ्या. सकाळी केली तर संध्याकाळी हाताला टोचते.

"मग राहू दे की, आता फॅशनच आहे," असंही म्हणतात. लाळ गळते हो त्याची. दाढी ओली राहते, खालची कातडी लाल होते, आमटीभात अडकतो. आणि हे सगळं सोडा, त्याला नको आहे. माझी दाढी झाली की डाव्या हाताची बोटं मुडपून तो माझ्या गालावर फिरवतो, मग स्वतःच्या गालावर फिरवतो आणि तोंड वाकडं करून म्हणतो, "खर्र." एवढं स्पष्ट मत माझ्या घरात दुसऱ्या कुणाचं कशावर नाही.

सलूनही करून झालं. कारागीर भला माणूस, पण खुर्ची मागे कलली की दादा दचकतो, सगळं अंग ताठ होतं, आणि त्या वेळी वस्तरा गळ्याशी असतो. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा त्यानंच हात जोडले.

दाढी हे दोन हातांचं काम आहे, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. इचलकरंजीत तीस वर्षं जॉबर म्हणून, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करण्यात काढली. माग बंद पडला की नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचो. पण आपण दाढी करताना दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरतो, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. कातडी सैल राहिली की खुंट आडवे होतात, पातं त्यांना कापायचं सोडून ओढतं. दादाचा दुसरा हात मुठीत आवळलेला. मग मान वर आणि चेहरा एका बाजूला, एवढ्यानं जमेल तेवढी कातडी ताणायची.

इलेक्ट्रिक शेव्हर आधी आणला. सुरक्षित म्हणून थेरपिस्ट बाईंचा आग्रह होता आणि त्यांचं चूक नव्हतं. पण तीन दिवसांचे राठ केस जाळीत धड शिरत नाहीत, अडकतात नि ओढले जातात. दादानं तो बेसिनमध्ये टाकला. खरी अडचण नंतर कळली. त्याला फेस हवा होता. बाबा फेस लावतात, म्हणजे दाढी म्हणजे फेस. मी चिडलो होतो तेव्हा. आता वाटतं, शहाणपण त्याच्याकडेच होतं. फेसाचा हिशेब साधा आहे: जिथं पांढरं दिसतं तिथं काम बाकी.

तेव्हा आमची रीत अशी. आंघोळीनंतरच दाढी. गरम पाण्यात पिळलेला पंचा तीन-चार मिनिटं गालावर, म्हणजे केस पाणी पिऊन मऊ पडतात. मग ट्रिमरनं खुंट बारीक. मग फेस. रेझरची दांडी बारीक, त्याच्या पकडीत फिरायची, म्हणून तिच्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली आणि आत एमसील भरलं. केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेनं हात. उलटा हात मारायचा नाही, नाहीतर केस आत वळून पुळ्या येतात. पातं चार दाढ्यांनी बोथट होतं, पाचवी केली की रक्त. आणि दाढी चालू असताना गॅसवर कुकर ठेवायचा नाही, कारण शिट्टीला तो अख्खा उडतो. मागांच्या खडखडाटात जन्म गेला त्याचा, त्याचं काही नाही. पण शिट्टी नको.

शिकवलं शेवटाकडून. हे बाईंचं. सगळं मी करायचं आणि शेवटचं तोंड धुणं, तुरटी फिरवणं त्यानं. म्हणजे काम संपवल्याचा मान रोज त्याचा. मग त्याच्या आधीची एक पायरी त्याची, मग त्याच्याही आधीची. डाव्या गालापर्यंत यायला तीन वर्षं लागली. उजवा गाल अजून अवघडच होता. डोळे ठीक आहेत, पण दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसत नाही, मेंदूच्या त्याच इजेमुळं. त्याच्यासाठी आरशातला उजवा गाल म्हणजे जवळजवळ नसलेला गाल.

हे सगळं ठाऊक असून मी काय केलं ते सांगतो.

2019 चा मे. मुलीचा साखरपुडा. घरात पंधरा-सोळा माणसं, मोरी एक. आदल्या रात्री दादाला शब्द दिला होता की उद्याची दाढी सगळी तुझी, मी दारातसुद्धा उभा राहणार नाही. सकाळी तो आत गेला आणि कडी लावली. वीस मिनिटं झाली. बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून माणसं उभी. कुणीतरी कडी वाजवली. चाळीस मिनिटं झाली. मेहुणे म्हणाले, "आत काय पेपर वाचतोय काय?" मी गप्प. आतून पाण्याचा आवाज, मग काहीच नाही, मग पुन्हा पाणी.

दार उघडलं. डावा गाल चकचकीत, हनुवटीवर रक्ताचा एक थेंब, आणि उजव्या गालावर कानापासून ओठापर्यंत जसाच्या तसा पांढरा फेस. डावा हात वर. जिंकून आल्यासारखा. "बाबा, खर्र नाही!"

कोण आधी हसलं ते माहीत नाही. वाईट मनानं हसलं असं मी म्हणत नाही, ते ध्यानच तसं होतं. पण मीही हसलो. मोठ्यानं हसलो. सगळ्यांच्या आधी माझ्याकडे बघत होता तो.

मग मी त्याला ओट्याशी बसवलं, डोकं काखेत धरलं आणि उजवा गाल केला. दोन मिनिटं लागली. बरोबर तीच, तुम्ही म्हणता ती. तो झटापट करेल म्हणून मी घट्ट धरलं होतं, पण त्यानं काहीच केलं नाही. मान सोडून दिली. अंग ताठ होणाऱ्या माणसाची मान अशी सैल पडलेली मी पहिल्यांदा बघितली. साखरपुड्याच्या फोटोत त्याची दाढी सुरेख दिसते. अल्बम मी उघडत नाही.

पुढचे चौदा महिने त्यानं रेझरला हात लावला नाही. मी पंचा आणि पाण्याचा मग घेऊन गेलो की खुर्चीवर बसून चेहरा पुढं करायचा. भिंत रंगवायला द्यावी तसा.

तेव्हाचा मी आज समोर आला तर म्हणेल, "मग काय करायला हवं होतं? पाहुणे खोळंबलेले, मुहूर्त टळायला आलेला. अर्ध्या फेसानिशी त्याला व्याह्यांसमोर नेला असतास?" नसता नेला. याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. कडी वाजल्यावर मी बाहेरून "दादा, उजवीकडे हात लावून बघ" एवढं ओरडलो असतो तर? पण दारात उभं राहणार नाही असा शब्द दिला होता ना. आणि हसू? त्याला मुहूर्ताची घाई नव्हती.

मग लॉकडाऊन आला. सलूनं बंद, घरात कुणाला दाखवायचं म्हणून मीही दाढी सोडली. पांढरी झाडूसारखी वाढली. जुलैतल्या एका सकाळी दादानं माझ्या गालावर बोटं फिरवली, "खर्र" म्हणाला आणि फेसाचा डबा घेऊन आला. माझ्या तोंडाला फेस फासला. मग रेझरसाठी हात पुढं केला. मी दिला नाही. घाबरलो, सरळ सांगतो. तो थोडा वेळ थांबला, मग उरलेला फेस स्वतःला लावला. तिथून पुन्हा सुरू झालं. आता आरसा डावीकडे सरकवून त्याच्याकडे तिरका लावलाय, म्हणजे अख्खा चेहरा त्याच्या दिसणाऱ्या बाजूला येतो, आणि सुरुवात उजव्या गालानं.

तुम्हाला वाटत असेल, आमच्यामागं कोण करणार म्हणून शिकवतोय. तसं नाही. तो प्रश्न दाढीनं सुटत नाही. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्वाचा कागद मी काढून ठेवलाय. त्याच्या वतीनं सही करायचा हक्क मला आहे. त्याच्या गालावर हक्क कुणाचा, ते त्या कागदात नाही. शिवाय माझा जॉबरचा माजही आहेच. जे बिघडलंय ते चालू झालंच पाहिजे. दादा म्हणजे माग नव्हे, हे बायको मला अधूनमधून ऐकवते. आणि घाईच्या दिवशी, दवाखाना असेल तर, मी अजूनही दोन मिनिटांत उरकतो. त्या दिवशी मान सैल पडते का ते मी बघत नाही.

आज सकाळी अडतीस मिनिटं. उजव्या कानाखाली रुपयाएवढा ठिपका राहिला होता. त्यानं बोटं फिरवली, ती त्या ठिपक्याच्या शेजारून गेली. "खर्र नाही," म्हणाला. मी "नाही" म्हणालो. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि कुकर चढवला.