तुम्ही विचारलंत म्हणून: टेक्सास खरंच फुटून निघू शकतं का?

टेक्सासात राहतो म्हटलं की सुट्टीत घरी गेल्यावर हा प्रश्न ठरलेला, "काय रे, तुमचं टेक्सास वेगळं होणार म्हणे, कायद्यात बसतं का ते?" यंदा मामांनीही विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

नाही बसत. पण ठरलं कसं ते ऐका. अमेरिकेच्या घटनेत फुटून निघण्याबद्दल एक अक्षर नाही, ना हो ना नको. 20 डिसेंबर 1860 ला साउथ कॅरोलायना बाहेर पडलं, म्हणे राज्याराज्यांनी करार केलेला, उत्तरेकडच्या राज्यांनी तो मोडला, आम्ही मोकळे. (मोडला म्हणजे काय, तर पळून गेलेले गुलाम परत देत नाहीत. राज्यांचे हक्क वगैरे ऐकलं की मला हे आठवतं.) नवे अध्यक्ष लिंकन, त्यांचं म्हणणं, बरं, करारच समजा, पण सगळ्यांनी केलेला करार एकटा कसा रद्द करणार? आणि त्यांच्या आधीचे अध्यक्ष बुकॅनन तर भारीच, तुम्हाला फुटायचा हक्क नाही पण तुम्हाला जबरदस्तीनं धरून ठेवायचा अधिकार आम्हालाही नाही!

सुप्रीम कोर्ट बोललं थेट 1869 मध्ये, या फुटण्यावरून झालेलं यादवी युद्ध संपून चार वर्षं झाल्यावर, आणि तेही बाँडच्या (सरकारी कर्जरोख्यांच्या) भांडणात. टेक्सासकडे फेडरल (केंद्र) सरकारचे हजार-हजार डॉलरचे बाँड होते, विकायचे तर गव्हर्नरची सही लागायची. टेक्सासही फुटलं होतं, तिथल्या बंडखोर सरकारनं 1862 मध्ये ती अटच काढली आणि जानेवारी 1865 मध्ये, सगळं बुडत आलेलं असताना, औषधं आणि कापूस पिंजायच्या फण्या मिळाव्यात म्हणून व्हाइट आणि चाइल्स या दोघांना बाँड बिनसहीचे देऊन टाकले. युद्धानंतर टेक्सास कोर्टात, आमचे बाँड परत द्या. पण थेट सुप्रीम कोर्टात यायचं तर आधी तुम्ही युनियनमधलं, म्हणजे अमेरिकेतलं, राज्य हवं ना! चीफ जस्टिस चेस म्हणाले, आहेच, टेक्सास कधी बाहेर गेलंच नव्हतं, फुटायचा ठराव मुळातच रद्दबातल, बाहेर पडायचं तर क्रांती करा नाहीतर बाकीच्या राज्यांची संमती घ्या. निकाल 5 विरुद्ध 3. विरोधातले न्यायमूर्ती ग्रिअर म्हणाले, अहो तिथे लष्कराचा अंमल आहे, काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) यांचा एक माणूस नाही, याला राज्य कसं म्हणायचं? मला विचाराल तर त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, रणांगणावर ठरलेलं कोर्टानं नंतर कागदावर आणलं इतकंच.

आमच्या गल्लीत एका पिकअपवर 'सीसीड' (फुटून निघा) असं स्टिकर आहे. त्या शेजाऱ्याला एकदा सांगितलं, बाबा रे, आम्ही कधी फुटलोच नव्हतो असं कोर्टात टेक्सासनंच सांगितलं होतं, बाँडसाठी. तो म्हणाला, "मग मिळाले का बाँड?" म्हटलं, हो, केस टेक्सासच जिंकलं.