कुळागराखालचे गोटे

जमिनीच्या जुन्या कागदांत चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेला रस्ता, दक्षिणेला अमक्याची बागायत, पश्चिमेला नदी. 'नदी' हा शब्द दिसला की मी कामाला होकार देण्याआधी जागेवर जाऊन येतो. मी गोव्यात परवानाधारक सर्व्हेअर आहे. शिक्षण भूशास्त्राचं, पोटापाण्याचा धंदा मोजणीचा. ही दोन्ही कामं एकाच जागी इतकी एकत्र आलेली मी सत्तरी तालुक्यातल्या त्या मोजणीआधी कधी पाहिली नव्हती.

जागा म्हादई नदीच्या एका मोठ्या वळणावर, गांजे गावाच्या बरीच वर. अर्जदार आणि सामनेवाला सख्खे चुलतभाऊ, एकाच वांगडातले, म्हणजे एकाच कुळातले. थोरल्यांचं कुळागर वळणाच्या बाहेरच्या काठावर: पोफळी, त्यांवर चढवलेली मिरवेल, मधे केळी. धाकट्यांची जमीन समोरच्या काठावर. 23 जुलै 2021 ला सत्तरी आणि डिचोलीत पूर आला, त्या रात्री थोरल्यांच्या पोफळींच्या ओळी मुळांसकट गेल्या. समोर मात्र गाळ बसला, नंतरच्या पावसाळ्यांत वाढत गेला. धाकट्यांनी त्यावर दगड आणि फांद्या रचून बांध घातले, गाळ अडवला आणि पुरण शेती सुरू केली. सत्तरीत ही पद्धत जुनीच आहे. पावसाळा सरला की नदीच्या पात्रातल्या गाळावर भात घ्यायचं, आणि पुढचा पाऊस यायच्या आत कापून मोकळं व्हायचं. नदीचा स्वभाव ओळखून तिच्याशी जुळवून घेणारी अशी शेती मला फार मोलाची वाटते.

थोरल्यांचं मागणं सरळ होतं. "सर, माझी जमीन चालत पलीकडं गेली. ती मोजून माझ्या नावावर दाखवा." धाकटे म्हणाले, "गाळ न्हंयेनं दिला. तो ह्यांच्या कुळागरातलाच कशावरून?"

मे महिना होता, पाणी कमी आणि नितळ. सत्तरच्या दशकातल्या सर्व्हे प्लॅनवर ज्या खुणा आहेत आणि आजही जागच्या हललेल्या नाहीत, त्या आधी धरल्या: देवळाचा कोपरा, बांधीव विहीर, जुन्या साकवाचा खांब. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, लावून त्या जुळवल्या, प्लॅन जागेवर बसला. मग प्लॅनमधली काठाची रेघ जमिनीवर उतरवायला सुरुवात केली. मदतनीस यंत्राचा किरण परतवणारा प्रिझम घेऊन काठावरून निघाला. मी सांगत होतो, पुढं, अजून पुढं. तो काठ उतरला, पाण्यात गेला, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. वळणाच्या ऐन मध्यावर तो जिथं थांबला, तिथून आजचा काठ 14 मीटर मागं होता. पन्नास वर्षांपूर्वी एका सर्व्हेअरनं जिथं कोरडा काठ मोजला, तिथं आमचा पोरगा प्रवाहात तोल सांभाळत उभा होता. थोरले एवढंच म्हणाले, "बघितलंत न्हय?"

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तरीही मी त्यांना खाली पात्रात यायला सांगितलं, कारण पुरानं जो काठ उभा कापला होता त्यात मला काहीतरी दिसलं होतं.

वर पोफळीच्या मुळांची जाळी आणि काळी माती. त्याखाली पुरुषभर तपकिरी गाळ, चाकूनं कापावा तसा सफाईनं कापलेला. त्याच्याखाली, आजच्या पाण्याच्या बराच वर, गोट्यांचा हातभर जाडीचा थर. आणि सर्वांत खाली कुजून मऊ पडलेला जुना पाषाण. गोटे गुळगुळीत होते, म्हणजे लांबून लोळत आलेले. एक पांढरा गारेचा, कोयत्याचा घाव बसला तरी ओरखडा नाही. दुसरा बाहेरून पिवळसर तांबूस, पावाएवढा. तो मी कोयत्यानं कापला तर अलगद दोन फाकी झाल्या. कडेला बोटभर जाडीची कुजलेली साल आणि मधे काळा गाभा. बेसाल्ट. असा दगड कुळागरच्या आसपासच्या डोंगरांत नाही. तो आहे वर, सुर्ल-चोर्ल्याकडच्या माथ्यावर, जिथं दख्खनच्या लाव्ह्याची टोपी गोव्याच्या कितीतरी जुन्या खडकांवर बसलेली आहे. नदीनं तो घाटमाथ्यावरून खाली आणला, इथं टाकला, आणि मग तो एवढा कुजेपर्यंत त्याला कुणी हलवलं नाही.

चपटे गोटे एकमेकांवर रेलून, सगळे एकाच बाजूला कललेले होते. वाहतं पाणी चपटा दगड नेहमी वरच्या अंगाला झुकवून ठेवतं, त्यामुळं थर कितीही जुना असो, पाणी कुठून कुठं वाहत होतं ते वाचता येतं. इथला कल आजच्या प्रवाहाशी जुळत नव्हता. तो आडवा होता, देवळाच्या दिशेनं. मी तसं म्हटल्याबरोबर काठावर बसलेल्या त्यांच्या काकी म्हणाल्या, "देवळाकडच्या शेतात नांगर खोल गेला की असेच गोटे लागतात. आमच्या सासऱ्यांनी त्यांचाच बांध घातला."

म्हणजे कुळागर उभं होतं तेच मुळी म्हादईच्या जुन्या तळावर. वरची पुरुषभर माती तिच्याच पुरांची. वळण कसं सरकतं हे दोघांनाही पाठ होतं: बाहेरच्या काठाला पाणी जोरानं घासतं, आतल्या काठाला ते मंदावतं आणि ओझं खाली टाकतं. पण जुना तळ आजच्या पाण्याच्या इतका वर कसा, हा प्रश्न धाकट्यांनी विचारला, आणि तो मोजणीपेक्षा मोठा होता.

नदी आपला जुना तळ वर टाकून खाली जाते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक तर जमीन उचलली जाते, नाहीतर जिथं तिला पोचायचंय तो समुद्र खाली जातो. कोकणपट्टीवर दोन्ही घडलेलं आहे. सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटला, नंतर लाव्ह्याच्या काळाच्या आसपास सेशेल्स सुटलं, आणि जी तुटकी कड राहिली तिच्यातून आजचा सह्याद्री घडला. त्या कडेवरून पाणी खडक झिजवून समुद्रात नेत राहिलं. रेतीनं भरलेली होडी धक्क्यावर रिकामी होऊ लागली की हळूहळू वर येते, तसं पृथ्वीच्या कवचावरचं ओझं उतरलं की खालची जमीन उचलली जाते. उचलली की नदीला पुन्हा उतार मिळतो, ती पुन्हा कापते. आणि समुद्राचं म्हणाल तर सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगात, तो आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होता. तेव्हा मांडवी (म्हादईचंच खालच्या अंगाचं नाव) आणि जुवारीनं आपल्या दऱ्या खोल कोरल्या. पाणी पुन्हा चढलं तेव्हा त्या दऱ्या बुडाल्या. पणजीला मांडवी एवढी रुंद दिसते आणि भरती गांज्यापर्यंत चढते ती त्यामुळं.

ह्या गोष्टीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग तिचा वेग. जांभ्यातल्या मँगनीजच्या खनिजांचं वय काढून संशोधकांनी 2016 साली दाखवलं की सह्याद्रीची कडा 4.7 कोटी वर्षांपूर्वीच जवळपास आजच्या जागी उभी होती, आणि तेव्हापासून जमिनीची झीज दहा लाख वर्षांना सरासरी पाच मीटरच्या आसपास. एवढी सावकाश! आणि इथं आडव्या अंगानं 14 मीटर एका माणसाच्या हयातीत गेले, त्यातला मोठा भाग एका पुरात. सरासरी काढली की पुराची रात्र त्यात विरून जाते, पण नदी काम करते ते बहुतेक त्या रात्रींतच. उरलेला वेळ ती बरीचशी केलेल्या कामावरून नुसती वाहत असते.

थोरल्यांना हे सगळं पटलं, पण ते त्यांच्या कामाचं नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. पोफळ लागती व्हायला वर्षं जातात. त्यांना काठाला काँक्रीटची भिंत हवी होती. मी विरोध केला. भिंतीनं पाण्याचा जोर मरत नाही. ते भिंतीच्या पायथ्याशी तळ खणतं आणि उरलेला जोर पुढच्या वळणावर काढतं, तिथं दुसऱ्या कुणाचं तरी कुळागर असतं. त्याऐवजी काठाला करंज आणि नदीकाठी वाढणारी शेरणी, मागं बांबूची बेटं, आणि वळणातली रेती कुणालाही उपसू न देणं. रेती काढली की पात्र खोल जातं आणि काठाचा पाय सुटतो. हे मी प्रत्येक नदीकाठच्या मोजणीत सांगतो, कंटाळा येईपर्यंत सांगतो.

कागदाचं काम मात्र मला तिथल्या तिथं संपवता आलं नाही. सत्तरीत जमिनीची भानगड आधीच मोठी, मोकासो (जुन्या इनामी जमिनी) आणि आल्वारा (पोर्तुगीज काळातले जमिनीचे पट्टे) यांचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. त्यात वाहत्या नदीचं पात्र सरकारी, आणि गाळाच्या जमिनीचा हक्क ठरवणं महसूल खात्याच्या हातात. मी नकाशावर काठाच्या दोन रेघा काढल्या, सत्तरच्या दशकातली तुटक आणि आजची सलग, आणि दोन्हींसमोर मोजणीचं वर्ष लिहिलं. माझं चाललं तर नदीच्या प्रत्येक हद्दीपुढं वर्ष लिहिणं सक्तीचं करीन. त्याशिवाय ती रेघ अपुरी आहे.

अर्ज अजून कचेरीत आहे. थोरल्यांनी पावसाच्या तोंडावर बांबू लावला. भिंतीचा विचार त्यांनी सोडलेला नाही, आणि त्यासाठी ते पुन्हा आले तर मी त्यांना आधी खालच्या वळणावरची घरं दाखवायला नेणार आहे.