डबा पेटीत आलाच नव्हता

मागच्या आठवड्यात एचआरने मला नव्या मॅनेजमेंट ट्रेनींसमोर उभं केलं. 'तुमच्या इंडक्शनच्या आठवणी सांगा, दहाच मिनिटं.' मी लोणावळ्याच्या हॉटेलात आम्ही रद्दी आणि चिकटपट्टीचा मनोरा कसा बांधला आणि तो आमच्याच टीम लीडरवर कसा पडला ते सांगितलं. पोरं हसली, टाळ्या झाल्या. खरी आठवण सांगता आली नाही, कारण पहिल्याच रांगेत फायनान्सचे साहेब बसले होते.

ती इथे सांगते.

२००९ चा जून. आम्ही बावीस जण. लोणावळ्यात पाच दिवस नुसत्या स्लाइड्स. मध्ये एकदा स्वतःची ओळख प्राण्याच्या रूपात करून द्यायची होती. (सात जण वाघ निघाले. मी मुंगी.) दुकानात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या विक्रीच्या आठ पायऱ्या घोकून घेतल्या आणि शेवटच्या संध्याकाळी बंद पाकिटं वाटली, आत ज्याच्या त्याच्या गावाचं नाव. शेजारच्याला कोइमतूर, मला लातूर. सहा आठवडे. आईने विचारलं, राहणार कुठे? बाबांनी विचारलं, पाण्याचं काय? दोन्ही प्रश्न रास्त होते.

लातूरचा बाजार म्हणजे गंजगोलाई. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. पहिले चार दिवस मी रोज चुकीच्या रस्त्याने बाहेर पडले. आमच्या एजन्सीचे सेल्समन पन्नाशीचे, एकोणीस वर्षं दुकानांची हीच फेरी करत होते. मी दुसऱ्या दिवसापासून त्यांना मामा म्हणायला लागले, ते शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिले. मोटरसायकलच्या टाकीवर सॅम्पलची पिशवी, मागे मी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली.

पायरी पहिली, हसतमुखाने अभिवादन. औशाच्या पहिल्याच दुकानात मी तोंड उघडलं तर मामांनी हातानेच थांबवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "मॅडम, दुकानदार गिऱ्हाइकाचे पैसे मोजायलाय. मधी बोललं की त्यो दिवसभर न्हाईच म्हणतो." मग आम्ही दुकानाच्या कडेला नुसते उभे राहायचो. त्या उभं राहण्यात मामांचं सगळं काम होऊन जायचं. कुठली बरणी तळाला गेलीय, दुसऱ्या कंपनीच्या पुड्यांची माळ किती फाटून खपलीय, उधारीची वही मागच्या फेरीपेक्षा किती फुगलीय. गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत त्यांची ऑर्डर अर्धी लिहून झालेली असायची.

तो जून कोरडाच गेला. त्या वर्षी देशभरात पाऊस सरासरीपेक्षा २२ टक्के कमी पडला, पण हा आकडा पुढे कळला. तेव्हा फक्त आभाळाकडे बघणारी माणसं दिसत होती. पेरणी खोळंबली, बियाणं-खताला राखलेला पैसा लोक सोडेनात आणि घरचं मीठ-साबण सगळं वहीवर. दुकानदाराने माल वहीवर दिला की त्याच्या गल्ल्यात रोख नाही, गल्ल्यात रोख नाही तर तो आमचा माल घेणार कशाने? मामांनी हे मला एका कटिंगमध्ये समजावलं. माझ्या रोजच्या रिपोर्टात विक्री कमी होण्याच्या कारणांचे चार रकाने होते. त्यात पाऊस नव्हता. मी 'ब्रँडची माहिती कमी' यावर खूण करायचे.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही औसा, लामजना करत किल्लारीला पोचलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता भूकंप झाला आणि जुनं गाव गेलं. नवं गाव आखीव, रुंद रस्त्यांचं, घरं लांब लांब. कंपनीच्या यादीत ते लोकसंख्येचा एक आकडा होतं, पण दुकानं इतकी विखुरलेली की जुन्या गावठाणात तासाभरात उरकावं एवढ्या कामाला तिथे अख्खी दुपार जायची.

त्यातलं एक दुकान आजींचं. घराच्या पुढच्याच खोलीत, दार पश्चिमेला. आमचा एक रुपयाच्या पुडीचा नवा शॅम्पू बाजारात आला होता आणि अख्ख्या पेटीवर स्टीलचा डबा अशी स्कीम होती. मी आठही पायऱ्या चढले. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याऐवजी मामांना म्हणाल्या, "लेकरू एवढ्या उन्हाचं आलंय. ठिवा एक पेटी." मामा म्हणत होते, दोन माळा बास. मी पेटीच उतरवली. दारात ओळीने माळा लटकवल्या आणि मोबाइलवर फोटो काढला. गुलाबी रंग काय झळकत होता!

शेवटच्या फेरीला पुन्हा गेलो तेव्हा माळा तिथेच होत्या. रोजच्या तिरप्या उन्हाने गुलाबीचा पांढुरका झाला होता. खालून चार पुड्या फाटलेल्या, त्यातली एक आजींनीच वापरलेली. तक्रारीचा शब्द नाही. चहा ठेवायला आत गेल्या.

न खपलेला माल कंपनी परत घेत नसे. फक्त गळका, फुटका घ्यायची. मामांनी माळा खाली उतरवल्या, उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, ओढणीची पिन द्या जरा."

मला काही कळायच्या आत पहिली पुडी टोचून झाली होती. कोपऱ्यात, शिवणीच्या आत, एकच टोचा. अंगठ्याने दाबली की शॅम्पूचा थेंब वर यायचा. "गळका माल," मामा म्हणाले, "डॅमेजमधी जाईल." शंभरेक पुड्या तरी असतील. शेवटच्या वीस मी टोचल्या. मुंबईत बसून आमच्या डॅमेजची टक्केवारी काढणाऱ्यांनी तो महिना कसा समजून घेतला असेल, देव जाणे.

मग डब्याचा विषय निघाला. पेटी परत गेली की स्कीमची वस्तूही परत जायला हवी. आजींनी त्यात जिरं भरलं होतं. त्या मुकाट्याने वर्तमानपत्र अंथरून जिरं ओतायला लागल्या. मामांनी डबा हातात घेतला, सांडलेलं जिरं चिमटीने परत आत टाकलं, झाकण लावलं आणि फळीवर ठेवून दिला. कागदावर लिहिलं, 'डबा पेटीत आलाच नव्हता.' ट्रेनीची सही लागते म्हणून खाली मी सही केली.

पुढच्या आठवड्यात मुंबईत प्रेझेंटेशन. नवव्या स्लाइडवर तोच फोटो, गुलाबी माळा. काढता आला असता, काढला नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, "रिपीट ऑर्डर?"

"पाऊस नव्हता, सर."

"मी ते विचारलं नाही," ते म्हणाले आणि पुढची स्लाइड मागितली.

सप्टेंबरात मामांचा फोन आला. गळक्या मालाचा क्लेम पास झाला होता. पाऊस थोडाफार झालाय, सोयाबीन उभं आहे, असं बरंच बोलले. ठेवता ठेवता म्हणाले, "आणि मॅडम, किल्लारीच्या आजी इचारायल्यात, डबा कधी परत न्यायचा हाय म्हणून. तसाच पुसून ठिवलाय त्यांनी."

"कुठला डबा, मामा? पेटीत आलाच नव्हता ना."

पलीकडून मामा पहिल्यांदाच मोठ्याने हसले.