पगार थकला होता, तरी मी का थांबलो

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये मी २०१९ ते २०२३ अशी चार वर्षे नोकरी केली. ती कंपनी बंद होऊन आता बराच काळ लोटला आहे, तरी लग्नकार्यात, गणपतीत किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एखादा भाचा भेटला की एक प्रश्न हमखास येतो: "पगार वेळेवर होत नव्हता, मग तिथे थांबलात कशाला?" विचारणाऱ्याने मनाशी बहुधा दोनपैकी एक उत्तर धरलेले असते. एक तर मला पुण्यात दुसरी नोकरी मिळत नसावी, नाहीतर कंपनीच्या शेअरचे काहीतरी मोठे आमिष दाखवलेले असावे. ही दोन्ही उत्तरे खरी नाहीत. म्हणून जे होते ते नीट सांगतो.

बेळगाव हे फौंड्री, म्हणजे धातू वितळवून भाग ओतणारे कारखाने, आणि मशिन शॉपचे गाव आहे. उद्यमबाग आणि मच्छे या दोन वसाहतींत फिरलात तर एका शेडमध्ये कास्टिंग ओतले जात असते आणि पलीकडच्या शेडमध्ये तेच ओतलेले कास्टिंग कापून घडवायला सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर, चढलेले असते. आमची कंपनी या मशिनांना बसवायची एक पेटी बनवत असे. मोटरच्या केबलीभोवती एक कडे बसवायचे, त्यातून किती करंट जातो ते मोजायचे, आणि मशिन खरोखर जॉब (घडवायचा भाग) कापते आहे, रिकामे फिरते आहे की बंद आहे हे मालकाला मोबाईलवर दाखवायचे, एवढेच ते काम. एका मालकांची खात्री होती की त्यांचे मशिन आठ तासांच्या पाळीत सात तास चालते. पहिल्या आठवड्यात पेटीने पाच तासांपेक्षाही कमी दाखवले. ते चिडले नाहीत. सेटिंगला आणि जॉबची वाट पाहण्यात किती वेळ जातो, हे ते आमच्यासोबत खुर्ची टाकून बघत बसले.

मच्छेच्या एका फौंड्रीत मात्र आमची पेटी टिकेना. विजेवर धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीवर लोड चढला की पेटी बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची आणि मधल्या वेळची सगळी नोंद जायची. आम्ही बोर्ड बदलला, पॉवर सप्लाय बदलला, प्रोग्रॅम तीनदा तपासला, आणि सलग तीन रात्री तिथे काढल्या. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास भट्टीवरचे एक वयस्कर मामा जवळ आले आणि बॅटरीचा उजेड भिंतीवर टाकून म्हणाले, "तुमची वायर भट्टीच्या केबलीला खेटूनच वर गेलीय, बघा की." खरोखरच दोन्ही वायरी जवळजवळ वीस फूट शेजारी शेजारी गेल्या होत्या, आणि भट्टीच्या करंटचा त्रास आमच्या वायरीला होत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही आमची वायर वेगळ्या बाजूने नेली, जाळीचे आवरण असलेली घेतली आणि त्या जाळीचे अर्थिंग एकाच टोकाला केले. त्यानंतर ती पेटी एकदाही बंद पडली नाही. त्या महिन्याचा पगार एकोणीस दिवस उशिरा झाला होता, पण त्या दिवशी घरी परतताना मला जे समाधान होते ते वेळेवर झालेल्या कुठल्याही पगाराने दिलेले नाही. प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग हा आहे. काम चांगले होते, गरजेचे होते, आणि ते आपल्या गावात राहून करता येत होते.

मग कंपनी अडचणीत का आली, हे लोक क्वचित विचारतात, आणि मला मात्र तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. माल वाईट नव्हता. गिऱ्हाइकेही होती. पैसा अडकत होता. आमच्या फौंड्रीवाल्यांचे पैसे मोठ्या वाहन कंपन्यांकडून नव्वद नव्वद दिवसांनी येत असत, आणि त्यांचे आले नाहीत तोवर आमचे निघत नसत. छोट्या उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवले पाहिजे असे २००६ चा कायदा सांगतो. पण ज्या मालकाच्या शेडमध्ये पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे आणि ज्याच्या शब्दावर शेजारचा मालक आपली पेटी घेणार आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कोण धजावतो? त्यात जीएसटीची गाठ वेगळीच होती. दोन लाखांचे बिल काढले की त्यावरचे ३६ हजार रुपये पुढच्या महिन्यात सरकारला भरावे लागत, मग गिऱ्हाइकाने एक रुपयाही दिलेला नसो. खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा होतो हे खरे, पण आमच्या खर्चाचा मोठा भाग पगाराचा होता, आणि पगारावर वजा करायला काहीच नसते. बिल काढले म्हणून आनंद मानायचा की त्याच्या करासाठी पैसे शोधायचे, अशी अवस्था कित्येक महिने होती. कंपनी जितकी जास्त विकत होती तितकी ती जास्त अडकत होती, हे मला हिशेब पाहायला लागल्यावर कळले. इंजिनिअरला हिशेब कळायलाच हवा असे माझे तेव्हापासून ठाम मत झाले आहे.

२०२० च्या टाळेबंदीत फौंड्र्या थंड पडल्या. २०२१ मध्ये जगभर चिपची टंचाई झाली आणि आमच्या पेटीत लागणारा कंट्रोलर, म्हणजे पेटी चालवणारी चिप, आधीच्या कितीतरी पट भावाने, तोही आगाऊ पैसे देऊन, घ्यावा लागला. आमची निम्मी गिऱ्हाइके कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत होती. एरवी दोन तासांचा रस्ता, पण त्या वर्षी राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर कोरोना नसल्याचा आरटीपीसीआरचा दाखला पाहिल्याशिवाय कर्नाटकात परत घेत नव्हते. सकाळी दुरुस्तीला गेलेला आमचा मुलगा परतताना नाक्यावर अडकून बसला, असे एकदा नव्हे, अनेकदा झाले.

भांडवल आणायला कंपनी चालवणारे आमचे सर राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री बंगळूरला जायचे आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परतायचे. तिथे त्यांना बहुतेक वेळा एकच विचारले जाई, की कंपनी बेळगावात का, बंगळूरला का नाही. गिऱ्हाइकाची भट्टी रात्री दोन वाजता पाहायची असेल तर तिच्याजवळ राहावे लागते, हे उत्तर त्यांनी किती जणांना दिले असेल कोण जाणे. २०२२ मध्ये तर देशभर स्टार्टअपमधला पैसाच आटला.

या सगळ्यात रोजचा दिवस कसा जातो, हेही सांगायला हवे. काम थांबत नाही, उलट वाढते, कारण सोडून गेलेल्यांचे काम राहिलेल्यांवर येते. महिन्याच्या सात तारखेपासून कुणाचा मोबाईल वाजला की सगळ्यांच्या माना एकदम वर होतात. पतसंस्थेचा हप्ता दहा तारखेचा; जामीन राहिलेल्या काकांना फोन जाऊ नये म्हणून तो उसनवारी करून भरायचा. येळ्ळूरच्या घरात आई काही विचारत नसे, पण भात विकलेल्या पैशांतले थोडे ती कपाटात वेगळे ठेवू लागली होती आणि ते मला दिसत होते. आपल्या कष्टाचा भार असा न बोलता घरच्यांवर जातो, आणि माझ्या मते स्टार्टअपच्या गोष्टी सांगताना नेमके हेच वगळले जाते.

तरीही पहिली तीन वर्षे आम्ही बावीस जण टिकून राहिलो, याचे कारण एक फळा होता. दर महिन्याच्या एक तारखेला सर त्यावर बँकेत किती शिल्लक आहे, कुणाकडून किती येणे आहे आणि आहे त्या पैशांत किती महिने निघतील, हे स्वतःच्या हाताने लिहीत. आकडा वाईट असला तरी तो आमच्यासमोर असे. कुणाच्या घरी आजारपण असेल तर त्याचा पगार आधी काढा असे आम्हीच म्हणत असू. उशिरा होणारा पगार माणूस सहन करू शकतो, तो का उशिरा होणार हे त्याला आधी कळले तर.

२०२२ च्या पावसाळ्यात फळा कोराच राहू लागला. विचारले की "बोलणी चालू आहेत" एवढेच उत्तर मिळे. नोव्हेंबरमध्ये मी सहज पीएफचे पासबुक उघडले आणि मला जुलैनंतरची एकही नोंद दिसली नाही. पगाराच्या स्लिपवर मात्र दर महिन्याला १,८०० रुपये कापलेले होते. रक्कम म्हणाल तर मोठी नाही. पण ते पैसे कंपनीचे नव्हतेच. ते माझ्या पगारातून काढून माझ्या नावे भरायला कंपनीच्या हाती दिलेले होते, आणि असे कापलेले पैसे न भरणे कायदाही विश्वासघाताचा गुन्हा मानतो. मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी नाकारले नाही. "तुमचे पैसे आहेत हे मला माहीत होते. भाडे भरले नसते तर शेडला कुलूप लागले असते," असे ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "सर, हेच फळ्यावर लिहिले असते तर आम्ही ते आपणहून दिले असते."

त्या माणसाविषयी माझ्या मनात राग नाही. पण त्या दिवशी जे तुटले ते पुन्हा जुळले नाही, आणि मी राजीनामा दिला नसला तरी मनाने तिथून निघालो ते त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावून खरे काय ते सांगितले. त्या आठवड्यात सहा जण सोडून गेले. आम्ही काही जण मार्च २०२३ पर्यंत राहिलो, कारण गिऱ्हाइकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यांच्या हवाली करायच्या होत्या आणि पेट्या काढून वायरिंग पूर्ववत करून द्यायचे होते. ज्यांच्या शेडमध्ये आपण रात्री काढल्या, त्यांना अर्धवट सोडून जाणे मला जमले नसते.

भाचा आता विचारतो, "मामा, मग मी जाऊ का अशा ठिकाणी?" मी त्याला जाऊ नको म्हणत नाही. किती महिन्यांचे पैसे शिल्लक आहेत हे मुलाखतीतच विचार, असे सांगतो. जो मालक या प्रश्नावर अवघडतो त्याच्याकडे जाऊ नको, आणि गेलास तर दर महिन्याला पासबुक उघडून पाहा.

सरांनी अनगोळातला आपला प्लॉट विकला. ऑगस्ट २०२३ पर्यंत सगळ्यांचा राहिलेला पीएफ १२ टक्के व्याजासह भरला गेला आणि ते कोरे महिने पासबुकात एकेक करून उमटले. दोन महिन्यांचा पगार राहिला होता. त्यातला एक महिना २०२४ च्या दिवाळीत दोन हप्त्यांत खात्यावर आला, सोबत काही निरोप नव्हता. दुसरा अजून बाकी आहे, आणि मी तो मागितलेला नाही.